कुंडीतील अंजीर आणि पाण्याचा हिशेब

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातील बाजाराचे गाव आहे. भोवतालच्या खेड्यांतील सोयाबीन, हळद, तूर व हरभरा येथील बाजारात येतो. किराणा दुकानांत दोरीत ओवलेले सुके अंजीर वर्षभर मिळतात. परंतु झाडावर पिकलेले ताजे अंजीर येथे क्वचितच दृष्टीस पडते. याचे कारण त्या फळाच्या नाजूकपणात आहे. पिकलेले अंजीर उतरविल्यानंतर साध्या हवेत एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि कच्चे उतरविले तर ते नंतर पेरूसारखे किंवा आंब्यासारखे पिकत नाही. पुरंदर तालुक्यातील अंजीर पुण्याच्या बाजारात सकाळी पोहोचते. बाळापुरापर्यंत त्याची खुशाली राहत नाही. सबब, ज्या कुटुंबास ताजे अंजीर खावयाचे असेल त्याने ते आपल्या अंगणातच पिकविले पाहिजे.

अंगणात अंजीर लावण्याची हौस पुष्कळांना असते. रोपवाटिकेतून रोप आणले जाते, पावसाळ्यात ते तजेलदार पाने धरते, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याची पाने गळून काड्या उरतात. मग “आमच्याकडे अंजीर मानवत नाही” असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक पाहता अंजीर हे उष्णता सोसणारे झाड आहे. अशी झाडे बहुधा उन्हाने मरत नाहीत. पाण्याच्या चुकलेल्या हिशेबाने मरतात. तो हिशेब कसा मांडावा, हे या लेखात सांगावयाचे आहे.

काळ्या जमिनीची अडचण

अंजीर हे वड, पिंपळ व उंबर यांच्या कुळातील झाड होय. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतच त्याची फुले असतात. म्हणून उंबराप्रमाणेच अंजिराचेही फूल कोणाच्या दृष्टीस पडत नाही. महाराष्ट्रात लावले जाणारे पुणे अंजीर परागसिंचनावाचून फळ धरते, त्यामुळे एकच झाड असले तरी ते फळते. दौलताबादच्या अंजिरातून निवडलेला ‘दिनकर’ हा वाणही मराठवाड्यास अपरिचित नाही. पुरंदरच्या अंजिरास सन २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकन मिळाले. तेथील यशाचे एक कारण जमिनीत आहे. पुरंदरचा अंजिराचा भाग पर्जन्यछायेत आहे, आणि तेथील मध्यम व मुरमाड जमिनीतून पाण्याचा निचरा उत्तम होतो.

बाळापूरच्या परिसरात कयाधूच्या खोऱ्यातील काळी जमीन आहे. ही जमीन कापूस, हळद व सोयाबीन यांस मानवते. परंतु पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून बसते, आणि अंजिराची मुळे हवेवाचून कुजतात. उलट उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते व लहान मुळे तुटतात. शेताच्या उंच, मुरमाड कडेला अंजीर लावता येईल. परंतु गावठाणातील अंगणात ती सोय नसते. अशा ठिकाणी मोठ्या कुंडीत किंवा पिंपात योग्य माती भरून झाड लावणे हा सोयीचा मार्ग होय.

ही रीत नवी नव्हे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्हर्साय येथील फळबागेत ला कँतिनी नावाच्या बागप्रमुखाने सतराव्या शतकात अंजिराची शेकडो झाडे लाकडी पेट्यांतून वाढविली होती. तेथे अडचण थंडीची होती. हिवाळ्यात पेट्या उचलून आत ठेवीत. बाळापुरात अडचण जमिनीची आहे. उपाय एकच आहे, मात्र त्याबरोबर येणारी जबाबदारीही एकच आहे. जमिनीतील झाड पाण्यासाठी आपली मुळे दूरवर व खोल धाडते. कुंडीतील झाडास ती वाट बंद असते. त्याच्या मुळाशी जे पाणी घातले जाईल तेवढेच त्याचे.

कुंडी कशी असावी

प्रथम वर्षी रोप १० ते १२ लिटर मातीच्या कुंडीत लावावे. लहान रोप एकदम मोठ्या पिंपात लावल्यास मुळे न पोहोचलेली माती सतत ओली राहून आंबते. वर्षभरात मुळे कुंडीच्या कडेला दिसू लागली म्हणजे ते मोठ्या कुंडीत हलवावे. कायमची कुंडी सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद असावी व तीत मातीची खोली ४० सेंटिमीटर मिळावी. अशा कुंडीत ६० लिटरांहून थोडी अधिक माती मावते. २०० लिटरांचे प्लास्टिकचे पिंप मधोमध कापल्यास दोन चांगल्या कुंड्या होतात. मात्र त्यात पूर्वी कीटकनाशक किंवा अन्य विषारी द्रव्य भरलेले नसावे. खाद्यतेलाचा पंधरा किलोंचा डबा पुष्कळ घरी सहज मिळतो, परंतु तो रोपापुरताच ठीक. फळ देणाऱ्या झाडास तो का पुरत नाही, हे पुढील हिशेबावरून दिसून येईल.

तळाशी बोटाएवढी पाच-सहा छिद्रे पाडावीत व प्रत्येकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. तळाशी खडीचा जाड थर देण्याची जुनी चाल आहे, परंतु तिचा लाभ होत नाही. बारीक मातीतील पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते थराच्या वरच अडून राहते, आणि मातीची जागा मात्र कमी होते. कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे छिद्रे मोकळी राहतात, वाळवी लागली तर दिसते, आणि मुळे छिद्रांतून अंगणाच्या काळ्या मातीत शिरत नाहीत.

ओल्या मातीने भरलेल्या अशा कुंडीचे वजन ऐंशी-नव्वद किलोंपर्यंत जाते. जुन्या घरांच्या माळवदावर ती कदापि ठेवू नये. सिमेंटच्या छतावर ठेवावयाची झाल्यास भिंतीच्या किंवा तुळईच्या डोक्यावर ठेवावी.

माती व लागवड

शेतातील काळी माती तशीच कुंडीत भरू नये. ती वाळली म्हणजे आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. पोयट्याची किंवा हलकी तांबूस माती दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, आणि जाड वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम एक भाग, असे मिश्रण करावे. त्यात प्रत्येक कुंडीस दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. कुंडी काठोकाठ भरू नये. वर चार-पाच बोटे जागा रिकामी ठेवावी. पाणी घालताना ते तेथे थांबून हळूहळू मुरते.

रोप विश्वासाच्या रोपवाटिकेतून घ्यावे. शेजारी चांगले झाड असल्यास छाटणीच्या वेळी पेन्सिलीच्या जाडीची, चार-पाच डोळ्यांची, वीतभर लांब पक्व काडी घेऊन पिशवीत लावल्यास तिलाही मुळे फुटतात. अंजिराचा चीक अंगास लागल्यास, विशेषतः उन्हात, आग होते व चट्टे उठतात. काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व हात धुवावेत.

पाण्याचा हिशेब

कुंडीस किती पाणी द्यावे, या प्रश्नाचे “थोडे थोडे रोज” हे उत्तर पुरेसे नाही. हिशेब सोपा आहे व तो प्रत्येक शेतकऱ्यास मांडता येतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे केले तर ते बरोबर एक लिटर भरते. हे एक परिमाण लक्षात ठेवले म्हणजे पुढील सर्व आकडे त्यातून निघतात. मे महिन्यात मराठवाड्यात उघड्या पात्रातील पाणी दिवसाला १० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक आटते. चांगल्या पानोऱ्याचे झाड त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर पाणी पानांवाटे हवेत सोडते. कुंडीतील अंजिराचा घेर एक मीटर रुंद असेल तर त्याच्या सावलीचे क्षेत्र सुमारे पाऊण चौरस मीटर होते. पाऊण गुणिले आठ म्हणजे सहा. अर्थात मे महिन्यात अशा झाडास दिवसाला सुमारे ६ लिटर पाणी लागते. तापलेल्या भिंतीजवळ किंवा वाऱ्याच्या तोंडावर ठेवलेल्या झाडास याहूनही अधिक लागेल.

आता कुंडीत किती साठा राहतो ते पाहावे. ६० लिटर मातीतील सगळे पाणी झाडास मिळत नाही. काही खाली निथळून जाते, काही माती इतके घट्ट धरून ठेवते की मुळांना ते ओढता येत नाही. झाडाच्या उपयोगी पडणारे पाणी मातीच्या सुमारे एक-पंचमांश, म्हणजे १२ लिटर धरावे. त्यातील निम्मे संपले की झाडास ताण जाणवू लागतो. म्हणजे प्रत्यक्ष हाताशी असलेला साठा ६ लिटरांचा, आणि रोजचा खर्चही ६ लिटरांचा. यावरून मोठ्या कुंडीसही मे महिन्यात रोज पाणी का लागते ते स्पष्ट होते. तेलाच्या डब्यात तर जेमतेम १५ लिटर माती. तिच्यातील उपयोगी पाणी तीनच लिटर. तेवढ्या डब्यात हेच झाड ठेवल्यास सकाळी दिलेले पाणी दुपारीच संपेल आणि संध्याकाळपर्यंत पाने माना टाकतील.

थंडीच्या दिवसांत हवेचे शोषण निम्म्यावर येते. तेव्हा याच झाडास दिवसाला सुमारे तीन लिटर पुरतात व एक दिवसाआड पाणी दिले तरी चालते. पाने गळून झाड विश्रांतीत असेल तेव्हा आठवड्यातून एकदा ओल पाहून पाणी द्यावे.

पावसाळ्यात कुंडीची काळजी नको, अशी समजूत असते. तीही तपासून घ्यावी. ४५ सेंटिमीटर रुंद कुंडीच्या तोंडाचे क्षेत्र एक चौरस मीटरच्या सहाव्या भागाएवढेच असते. त्यामुळे १० मिलिमीटरची चांगली सर आली तरी कुंडीत दीड लिटरच्या आसपासच पाणी पडते. त्यातही अंजिराची रुंद पाने छत्रीप्रमाणे पाणी कुंडीबाहेर टाकतात. अंगण ओलेचिंब आणि कुंडी कोरडी, असा प्रकार जुलै-ऑगस्टमधील उघडिपीत घडतो.

पाणी देण्याची रीत

पाणी शक्यतो सकाळी लवकर द्यावे. वरची दोन बोटे माती कोरडी झाली आहे की नाही, हे बोट खुपसून पाहावे. खालची ओल पाहण्यासाठी बांबूची बारीक काठी कडेने आत घालून दहा मिनिटांनी काढावी. ओली माती चिकटून आली तर थांबावे. द्यावयाचे पाणी एकदम ओतू नये. दोन-तीन हप्त्यांत, मातीभर फिरवून द्यावे व खालच्या छिद्रांतून थोडे पाणी पाझरेपर्यंत द्यावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने वरची माती ओली दिसते, पण मुळांचा मोठा भाग कोरडाच राहतो.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असल्यास कुंडीच्या कडेवर व मातीवर पांढरा थर जमतो. अशा वेळी महिन्यातून एकदा नेहमीपेक्षा अधिक पाणी घालून क्षार खाली धुऊन काढावेत. पावसाळ्यात पागोळीचे पाणी साठवून त्याचा यासाठी उपयोग केल्यास उत्तम.

ठिबकाची सोय असल्यास एका कुंडीस तासाला चार लिटर देणारे दोन उत्सर्जक समोरासमोर बसवावेत. पाऊण तासात सहा लिटर होतात. विजेच्या वेळा अनिश्चित असलेल्या ठिकाणी पाण्याची लहान टाकी तीन-चार फूट उंच ओट्यावर ठेवून साध्या नळीने पाणी देता येते. तेही नसल्यास बिनरंगाचे, पाझरणारे मातीचे लहान मडके कुंडीत गळ्यापर्यंत पुरून रोज भरावे व त्यावर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी मुळांशी सावकाश झिरपते. मात्र उन्हाळ्यात एवढ्यावर विसंबून न राहता वरूनही पाणी द्यावे.

फसवी लक्षणे

कुंडीच्या झाडाचे दुखणे ओळखताना तीन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत दुपारच्या पानांची. मे महिन्यात तिसऱ्या प्रहरी अंजिराची पाने मलूल होतात. माती ओली असूनही मुळांना तेवढ्या वेगाने पाणी पुरविता येत नाही. सूर्य कलला की पाने पुन्हा ताठ होतात. अशा वेळी पाणी ओतण्याची घाई करू नये. परंतु पहाटेच पाने लोंबलेली दिसली तर ती खरी तहान होय. विलंब न लावता पाणी द्यावे.

दुसरी फसगत पिवळ्या पानांची. पाण्याच्या टंचाईने पाने पिवळी पडून गळतात, तशीच ती पाण्याच्या अतिरेकानेही गळतात. पाने पिवळी व माती कोरडी, तर पाणी कमी पडत आहे. पाने पिवळी, माती ओली व तिला आंबूस वास, तर मुळे गुदमरत आहेत. पाणी बंद करून छिद्रे मोकळी करावीत. लक्षण न तपासता पाणी वाढविणाऱ्याच्या हातून तहानलेले झाड वाचते व बुडणारे झाड मरते.

तिसरी फसगत खालच्या छिद्रांची. एकदा पूर्ण वाळलेली माती कडेपासून सुटते व पाणी लगेच खाली येऊ लागते. कुंडी भिजली असे वाटते, पण आतला मातीचा गड्डा कोरडाच असतो. अशा कुंडीची वरची माती खुरप्याने हलकेच मोकळी करून फट बुजवावी आणि तास-दीड तासाच्या अंतराने थोडे थोडे पाणी तीन-चार वेळा द्यावे. लहान कुंडी असल्यास ती पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास ठेवावी.

फळे वाढत असताना एकदा कोरड व एकदा भरपूर पाणी असे झाल्यास लहान फळे गळतात व मोठी फळे तडकतात. तडकलेल्या फळात मुंग्या व बुरशी शिरते. म्हणून या काळात पाण्याच्या परिमाणाइतकाच त्याचा नियमितपणा महत्त्वाचा.

पाण्याची बचत

मराठवाड्यात पाण्याचा सल्ला देताना ते कोठून यावयाचे हे सांगणे सल्लागाराचे कर्तव्य आहे. सन २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे परिमाण धरले आहे. एका कुंडीचे सहा लिटर म्हणजे एका माणसाच्या वाट्याचा नववा हिस्सा. पाच कुंड्या लावल्या तर मे महिन्यात रोज ३० लिटर, म्हणजे जवळजवळ दोन हंडे लागतात. नळ एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येत असेल तर ते हंडे बहुतेक घरी बाईच्याच डोक्यावर येतात. तिला न विचारता घरातील कर्त्याने कुंड्यांची संख्या ठरवू नये.

हा भार पुष्कळ हलका करता येतो. पहिला उपाय आच्छादनाचा. बाळापूरच्या परिसरात जानेवारी ते मार्च या काळात हळद काढण्यापूर्वी तिचा पाला कापला जातो. हा वाळलेला पाला चार बोटे जाड पसरून, खोडाभोवती थोडी जागा मोकळी ठेवल्यास मातीतून उडून जाणारे पाणी वाचते. सोयाबीनचा भुसाही चालतो. आच्छादनाखाली वाळवी लागत नाही ना, हे आठवड्यातून एकदा उचलून पाहावे.

दुसरा उपाय कुंडीस सावली देण्याचा. झाडास ऊन हवे असते, कुंडीस नको असते. अंजिरास दिवसातून निदान सहा तास ऊन मिळावे. पण काळे पिंप किंवा पत्रा पश्चिमेच्या उन्हात तापला की कडेची मुळे भाजून निघतात. कुंडीस बाहेरून चुन्याचा हात द्यावा, गोणपाट गुंडाळावे, किंवा पश्चिमेस विटांचा आडोसा करावा. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडते. ती थंड राहते पण पाणी अधिक खाते. एप्रिलनंतर दुपारी एकपासून हिरव्या जाळीची किंवा जुन्या लुगड्याची सावली केल्यास झाडाची गरजही कमी होते.

तिसरा उपाय वापरलेल्या पाण्याचा. भाज्या, डाळ व तांदूळ धुतलेले पाणी कुंडीस निर्धोक होय. साबणाचे व धुण्याच्या पावडरीचे पाणी घालू नये. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते. ते नेहमी न देता साध्या पाण्यात मिसळून अधूनमधूनच द्यावे.

बहार, छाटणी व खत

अंजिराचे दोन बहार ओळखले जातात. पावसाळी फळांचा तो खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिकणाऱ्या गोड फळांचा तो मीठा बहार. बाळापुरात कुंडीच्या झाडास मीठा बहार घेणे इष्ट. पाऊस ओसरताच, सप्टेंबरच्या अखेरीस छाटणी करावी. फळ नवीन फुटीवर येते, म्हणून मागील वर्षाच्या काड्या तीन-चार डोळे राखून कापाव्यात आणि चार-पाच जोरदार फांद्यांचा मोकळा सांगाडा ठेवावा. छाटणीपासून साधारणतः साडेचार ते पाच महिन्यांत फळे पिकू लागतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाण्याची खरी ओढ लागण्यापूर्वीच, बहुतेक फळ हाती येते. बहार लांबवून मे महिन्यात नेण्याचा मोह धरू नये. अति उष्णतेत फळे अकाली पिकून चिवट होतात व पाणी दुप्पट लागते.

छाटणीच्या वेळी वरची दोन-तीन बोटे माती काढून दोन किलो कुजलेले खत व मूठभर निंबोळी पेंड घालावी. फळधारणेपासून १५ दिवसांच्या अंतराने १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरमागे दोन ग्रॅम या प्रमाणात ओल्या मातीत द्यावे. नत्राचा मारा करू नये. नत्राने पाने माजतात, फळ मागे पडते, आणि वाढलेले प्रत्येक पान अधिक पाणी मागते. दर दोन-तीन वर्षांनी छाटणीच्या वेळीच झाड कुंडीतून काढावे. कुंडीच्या आकारात गुंडाळलेली कडेची मुळे धारदार कोयत्याने दोन बोटे छाटावीत व नव्या मिश्रणात पुन्हा लावावे. मुळांनी गच्च भरलेल्या कुंडीत पाण्याला जागाच उरत नाही.

पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूस तांबूस भुकटीचे ठिपके दिसतात व पाने गळतात. हा तांबेरा रोग होय. कुंडी हलविता येत असल्यास पावसाच्या झडीत ती पडवीच्या कडेला, उजेडात आणावी. पाने कोरडी राहिली तर रोग आटोक्यात राहतो. गळलेली पाने वेचून नष्ट करावीत व आवश्यक वाटल्यास एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. खोडास भोक व बाहेर भुसा दिसल्यास खोडकिडा समजून तारेने तो काढावा. शेळ्यांपासून झाड सांभाळावे. फळे पिकू लागताच बुलबुल, खारी व वटवाघळे येतात. फळांना पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. फळाची मान लवली व अंग मऊ झाले म्हणजे ते सकाळी उतरवावे.

टंचाईच्या वर्षी

सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. असे वर्ष पुन्हा येणारच नाही, असे मराठवाड्यात कोणी म्हणू शकत नाही. त्या वेळी अंजीर वाचविणे आणि अंजिराचे फळ घेणे ही दोन निराळी कामे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

अंजीर हे पानगळीचे झाड आहे. पाने टाकून, मुळांत जीव धरून ते कठीण काळ काढू शकते. टंचाईची चाहूल लागताच लहान फळे काढून टाकावीत, फांद्या एक-तृतीयांश आखूड कराव्यात, उरलेली निम्मी पाने खुडावीत आणि कुंडी दाट सावलीत नेऊन जाड आच्छादन द्यावे. पानांचा पसारा व ऊन कमी झाल्यावर तेच झाड सहा लिटरांऐवजी दीड-दोन लिटरांत दिवस काढते, आणि एवढे पाणी स्वयंपाकघरातील धुवणातून मिळू शकते. पाने सगळी गळली तरी घाबरू नये. नखाने साल खरडून पाहावी. आत हिरवे असेल तर झाड जिवंत आहे व पहिल्या पावसाबरोबर फुटेल. पिण्याच्या पाण्यावर मात्र कुंडीचा हक्क कधीही सांगू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंजिराची रोपे वाटण्यापूर्वी एवढा हिशेब प्रत्येक कुटुंबाबरोबर बसून करावा. घेर किती, कुंडी केवढी, मे महिन्यात रोजचे पाणी किती, ते कोण आणणार व कोठून, हे चार प्रश्न विचारावेत. शाळेच्या आवारात एक कुंडी लावून विद्यार्थ्यांकडून रोजच्या पाण्याची नोंद ठेवविल्यास “एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर” हे गणित मुलांबरोबर त्यांच्या घरीही पोहोचेल. तेच गणित पुढे हळदीच्या ठिबकास व भाजीपाल्याच्या वाफ्यासही उपयोगी पडते.

पहिल्या बहारात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळे मिळाली तरी ती कमी समजू नयेत. झाड जसे वयात येईल तशी ती वाढतील. मात्र कुंड्यांची संख्या वाढविताना रोपांकडे किंवा पावसाळ्यातील हिरव्या पानांकडे पाहू नये. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात घरातून जेवढ्या कुंड्यांना रोज पाणी देणे शक्य आहे, तेवढ्याच कुंड्या जून महिन्यात भराव्यात.